पाणी कुठं शिरणार? आपल्या वस्तीचा पूरधोका स्वतः तपासण्याची रीत, नागपूरच्या उदाहरणांसह

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांची जेवणं आटोपून माणसं उशिरा झोपली होती. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. पहाटेपर्यंत काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून बाहेर आली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक अंथरुणातून उठले ते पाण्यातच. सीताबर्डीत मोरभवनच्या स्थानकावर बसगाड्या बुडाल्या. लष्कर आणि एनडीआरएफच्या बोटी गल्ल्यांतून फिरल्या, काही जीवही गेले.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यापासून टीव्हीपर्यंत एकच प्रश्न होता : पाऊस किती झाला? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे नुसता 'जोरदार' पाऊस. 'अतिजोरदार' त्याच्या पुढं, ११५.६ पासून. म्हणजे तेवढंच पाणी दिवसभर रिमझिम पडलं असतं तर आपण भजी तळली असती. ते किती वेळात पडलं, पडल्यावर कोणत्या वाटेनं गेलं आणि ती वाट कोणी कुठं बुजवली, यावर सगळं ठरलं.

ही वाट आधीच शोधून ठेवता येते. त्यासाठी तज्ज्ञ समिती लागतेच असं नाही. एक लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर, मोजपट्टी, वही, चिखलात जायची तयारी आणि तीनचार रविवार एवढं पुरतं. रहिवासी मंडळं, स्थापत्य शाखेची मुलं, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांना डोळ्यांसमोर ठेवून ही रीत लिहितो आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

पाणी कुठं साचेल हा एक प्रश्न. साचलं तर कोणाचं काय जाईल हा दुसरा. बहुतेक अहवाल या दोन्हींची भाजी एकत्र शिजवतात, वर रंग देतात आणि 'उच्च धोका, मध्यम धोका' असा नकाशा हातात ठेवतात. त्या लाल रंगातून काही कळत नाही. तिथं पाणी खोल आहे म्हणून तो लाल, की तिथली माणसं हतबल आहेत म्हणून?

६ जुलै २०१८ आठवा. पावसाळी अधिवेशन त्या वर्षी नागपुरात होतं. मुसळधार पाऊस झाला, विधानभवनाच्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज थांबलं. तिथं कोणाचं घर वाहून गेलं नाही. पण पाणी नेमकं नको त्या खोलीत शिरलं, त्यामुळे राज्याचं विधिमंडळ अंधारात बसलं. उलट नाल्याकाठच्या एखाद्या झोपडीत दरवर्षी गुडघाभर पाणी येतं आणि त्याची बातमीही होत नाही. म्हणून वहीत शेवटपर्यंत दोन रकाने ठेवा. डावीकडं पाणी, उजवीकडं माणसं आणि मालमत्ता.

हद्द आखताना प्रभाग विसरा

महापालिकेचे दहा झोन आहेत, प्रभाग आहेत. पाण्याला यातलं काही ठाऊक नाही. तपासणीचं एकक म्हणजे तुमच्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथं पडलेला थेंब शेवटी तुमच्या पुलाखालून जातो तो सगळा भाग.

नागपुरात हे समजायला तुलनेनं सोपं आहे. नाग नदी वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात येते, शहर मधोमध कापत पूर्वेला जाते. उत्तरेची पिली नदी गोरेवाड्याकडून येऊन तिला मिळते आणि दोघी पुढं कन्हानला जातात. दक्षिणेकडं सोनेगावच्या बाजूनं पोरा नदी. ढोबळमानानं पश्चिम उंच, पूर्व सखल. त्यामुळे पश्चिमेला नवं लेआऊट पडलं, सिमेंट ओतलं, की त्याचा हिशेब मध्य आणि पूर्व नागपुरात चुकवावा लागतो. आपल्या चौकातलं पाणी आपल्याच चौकातल्या गटारामुळे तुंबलं, असा समज घेऊन कामाला बसलात तर निम्मं कारण हद्दीबाहेर राहील.

हद्द काढायला तीन कागद जवळ घ्या. पहिला, भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार आणि नाले दाखवणारा नकाशा. त्यात लेआऊट पडण्यापूर्वीचे नाले दिसतात. दुसरा, भूमी अभिलेखचा गाव नकाशा. शहरात गेलेल्या गावांच्या नकाशांवरही नाल्याची वाट वेगळी दाखवलेली असते, आणि आज तिथं कोणाचं तरी कम्पाउंड उभं असतं. तिसरा, गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रं. वीस वर्षं मागं सरकवून पाहा. मला सगळ्यात जास्त माहिती या तिसऱ्यातून मिळते, आणि सगळ्यात जास्त रागही.

एक सावधगिरी : पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नदीच्या. पावसाचं पाणी गटारात मावलं नाही म्हणून जे तुंबतं, ते नदीपासून दोन किलोमीटरवरही तुंबतं. 'आमचं घर पूररेषेबाहेर आहे' या वाक्यावर निश्चिंत राहू नका.

उंचीचा नकाशा, आणि माझी एक फजिती

इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहावरून केलेलं उंचीचं प्रतिमान, ज्याला सगळे डीईएम म्हणतात, मोफत मिळतं. त्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा. ते क्यूजीआयएसमध्ये उघडलं की क्रम ठरलेला : खड्डे भरणं, प्रवाहाची दिशा काढणं, प्रवाहसंचय, म्हणजे प्रत्येक चौकोनात वरून किती पाणी गोळा होतं ते, काढणं. प्रवाहसंचयाचा नकाशा झाला की पाण्याच्या शिरा आपोआप उमटतात आणि पाणलोटाची हद्द मिळते.

इथं एक खुबी आहे. 'खड्डे भरणं' ही पायरी सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी असते, नाहीतर पाणी वाटेत अडकून रेषा तुटते. पण आपल्याला ते खड्डेच तर हवेत! म्हणून भरलेल्या प्रतिमानातून मूळ प्रतिमान वजा करा. जे उरतं तो सखल जागांचा नकाशा. अनेक जण ही वजाबाकी करतच नाहीत.

आता फजिती. पहिल्यांदा मी असा नकाशा केला तेव्हा दक्षिण-पश्चिमेकडच्या एका लेआऊटच्या वर भलामोठा तलाव दिसला. प्रत्यक्षात तिथं रस्त्याचा भराव होता आणि भरावाखालून मोरी, म्हणजे पाणी पलीकडं जायची वाट. उपग्रहाला मोरी दिसत नाही, त्याच्या लेखी तो भराव म्हणजे धरण. त्याच नकाशात खरोखर तुंबणारी गल्ली मात्र हिरवी, म्हणजे सुरक्षित, दिसत होती. कारण डीईएमची उंचीतली चूक काही मीटरची असू शकते, झाडाचा शेंडा आणि इमारतीचं छतही तो जमीन समजतो. आणि गल्लीत पाणी तुंबतं ते एक वीत उंचीच्या फरकानं. तेव्हा डीईएम हद्द आखायला आणि मोठ्या वाटा पाहायला वापरा. घराघराचा निवाडा त्यावर करू नका. जिथं मोरी, पूल, अंडरपास आहे तिथं प्रतिमानात हातानं खाच पाडून पाण्याला वाट द्या आणि मग पुन्हा चालवा.

उपग्रहाच्या रडार छायाचित्रांवरून पुराचं क्षेत्र काढावं असंही कोणी सुचवेल. खेड्यात, मोठ्या नदीच्या पुरात ते छान चालतं. शहरात इमारतींमुळे रडार गोंधळतं आणि उपग्रह डोक्यावर येईपर्यंत आपल्याकडचं पाणी ओसरून चिखल उरलेला असतो. सोडून द्या.

पायी फिरणं

खरं काम इथं आहे. एकदा पावसाआधी आणि एकदा भर पावसात, अशा दोन फेऱ्या करा. छत्री नको, रेनकोट घ्या. दोन्ही हात मोकळे हवेत. वाहत्या पाण्यात उतरू नका. घोट्याच्या वर, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर वेगवान पाणीही माणसाचा तोल घालवतं आणि ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी सरकू लागते. उघडं चेंबर तर दिसतही नाही.

कोरड्या फेरीत प्रत्येक मोरीची रुंदी, उंची किंवा पाइपचा व्यास लिहा. आत काठी घालून गाळ किती ते मोजा. मोरीच्या तोंडाशी आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन किंवा केबल आहे का बघा. प्लास्टिक तिथंच अडकतं आणि मोरी असून नसल्यासारखी होते. रस्त्याच्या कडेच्या जाळ्या रस्त्यापेक्षा वर आहेत की खाली? हसू नका, वर बसवलेल्या जाळ्या मी डझनानं मोजल्या आहेत.

नागपुरात एक गोष्ट आवर्जून मोजायची : सिमेंट रस्ता आणि घराचा जोता यांतलं अंतर. जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा थर चढला की रस्ता वर येतो आणि घर होतं तिथंच राहतं. पूर्वी रस्ता गटाराचं काम करायचा, आता तो बांधाचं करतो. हा फरक मोजायला महागडं यंत्र नको. गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीत बुडबुडा राहिला नाही ना ते पाहा. एक टोक रस्त्याच्या मध्यावर उभ्या पट्टीला, दुसरं घराच्या उंबऱ्याजवळच्या पट्टीला धरा. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की दोन आकडे वाचा, वजा करा. सेंटिमीटरपर्यंत अचूक उत्तर मिळतं. दहा घरांचे असे आकडे उपग्रहाच्या सगळ्या चित्रांपेक्षा मोलाचे.

आणि माणसांना विचारा, पण नीट विचारा. 'किती पाणी आलं होतं?' म्हटलं की उत्तर येतं 'लई'. त्याऐवजी विचारा, फ्रिज बुडाला का? गॅसची शेगडी बुडाली का? पलंगावर बसता येत होतं का? मग खूण दाखवायला सांगा. एका घरी मी भिंतीवर ओलीची रेघ शोधत होतो. नवा रंग दिलेला, काही दिसेना. काकू म्हणाल्या, "तिकडं काय पाहता जी? रंग तर दिवाळीतच मारला. इकडं या." त्यांनी लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर ओढलं. मागं रंग पोचला नव्हता. तिथं तपकिरी रेघ होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी, जमिनीपासून ७१ सेंटिमीटर. रेघेखाली कपाटाच्या पायांना गंज होता, वर नव्हता. माझ्या नकाशात ते घर 'कमी धोका' होतं.

प्रत्येक खुणेसोबत तीन गोष्टी लिहा : उंची, कोणत्या दिवशीची, आणि पाणी कुठून आलं. रस्त्यावरून, नाल्यातून की संडासातून उलटं? संडासातून उलटं येणारं पाणी म्हणजे गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची नळी, भरली आहे. त्याचा इलाज वेगळा.

थोडा हिशेब

हिशेबाला घाबरू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजेच एक हेक्टरवर १० घनमीटर. एवढं पाठ असलं की बाकीचं सोपं.

नाल्याकडं दर सेकंदाला किती पाणी धावेल याचं जुनं, अभियंत्यांच्या वापरातलं सूत्र असं : प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) = गुणांक × पावसाची तीव्रता (मिमी प्रतितास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जातं. दाट बांधलेल्या लेआऊटला ०.८ धरा, शेताला ०.३.

समजा तुमच्या मोरीचं पाणलोट २० हेक्टर आहे आणि अर्धा तास ६० मिमी प्रतितास या जोरानं पाऊस पडला, म्हणजे एकूण ३० मिमी. शेत होतं तेव्हा : ०.३ × ६० × २० ÷ ३६० = १ घनमीटर प्रतिसेकंद. लेआऊट झाल्यावर : ०.८ × ६० × २० ÷ ३६० = २.६७.

आता मोरी बघू. ९०० मिमी व्यासाचा सिमेंटचा पाइप, उतार २०० ला १. पूर्ण भरून वाहिला तर, पाइपची क्षमता काढायच्या मॅनिंगच्या सूत्रानं, सुमारे १.२८ घनमीटर प्रतिसेकंद वाहून नेतो. म्हणजे शेत असताना हा पाइप पुरून उरत होता. ज्यानं टाकला त्याचं काही चुकलं नव्हतं. पाइप तोच राहिला, वरची जमीन बदलली.

पाइपात एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ असेल तर क्षमता उतरते सुमारे ०.७७ वर. हीच गोष्ट उलटी मांडा : स्वच्छ पाइप या लेआऊटला ताशी २९ मिमीच्या पावसापर्यंत सांभाळतो, गाळ भरलेला जेमतेम १७ पर्यंत. मे महिन्यातली नालेसफाई म्हणजे नेमकी किती मिलिमीटरची, हे असं आकड्यात सांगता येतं. पण हेही दिसतं की पूर्ण साफ केला तरी ६० च्या पावसाला तो अपुराच. सफाई आणि क्षमता ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि सभेत लोक त्यांचीच सरमिसळ करतात.

जास्तीचं पाणी : २.६७ वजा १.२८ म्हणजे १.३९. अर्ध्या तासात, १८०० सेकंदांत, साधारण २,५०० घनमीटर. मोरीमागची सखल जागा एक हेक्टर असेल तर तिथं २५ सेंटिमीटर पाणी. गाळ असेल तर ३४. हा अंदाज थोडा वरच्या बाजूचा आहे, कारण अर्धा तास सगळा वेळ प्रवाह शिखरावर नसतो. तरी काकूंच्या घराचा जोता रस्त्यापेक्षा २० सेंटिमीटर वर आहे की ४०, या प्रश्नाला आता अर्थ येतो.

तीव्रता निवडताना कालावधीकडं लक्ष द्या. पाणलोटाच्या सगळ्यात दूरच्या टोकापासून मोरीपर्यंत पाणी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळातला पाऊस घ्यायचा. २० हेक्टरला वीस-तीस मिनिटं. दिवसाचा आकडा इथं निरुपयोगी आहे. सोनेगावच्या विमानतळावरची नोंद एका जागेची असते. तिथं ऊन आणि कळमन्यात धो धो, असं नागपूरकरांनी कितीदा पाहिलंय. म्हणून गच्चीवर सरळ उभ्या बाजूंचा एक डबा ठेवा. तोंड आणि बूड सारख्या रुंदीचं असलं की झालं, व्यास कितीही चालेल. जोराचा पाऊस सुरू झाला की दर पंधरा मिनिटांनी आत स्टीलची पट्टी बुडवून फोनवर फोटो काढा. वेळ फोटोतच नोंदली जाते. एका पावसाळ्यात अशा चारपाच सरी टिपल्या तरी तुमच्याकडं जे असेल ते कोणत्याही कार्यालयात नसेल.

ज्यांना पुढं जायचं आहे त्यांनी एसडब्ल्यूएमएम किंवा हेक-रास ही पाण्याचा प्रवाह संगणकावर मांडणारी मोफत प्रतिमानं शिकावीत. पण मोरीची मापं खोटी असतील तर त्यांतूनही रंगीत खोटंच बाहेर येतं.

माती, तलाव आणि सप्टेंबर

जूनच्या पहिल्या पावसात काळी माती भेगांतून पाणी पिऊन टाकते. एकदा फुगली, भेगा मिटल्या, की तीच माती पाणी आत जाऊ देत नाही. त्यामुळे जूनमधला ५० मिमी आणि सप्टेंबरमधला ५० मिमी सारखे नसतात. शेतासाठी धरलेला ०.३ हा गुणांकही पावसाळ्याच्या शेवटी वाढवून पाहावा.

तलावाचंही तेच. ऑगस्टपर्यंत रिकामा असलेला तलाव पूर अडवतो. भरलेला तलाव काहीच अडवत नाही, वरून आलं तेवढं खाली सोडतो. अंबाझरीचा बांध मातीचा आहे आणि खाली वस्ती. तुमच्या वस्तीच्या वर तलाव असेल, मग तो गोरेवाडा असो की फुटाळा की सोनेगाव, तर तीन गोष्टी बघून या : सांडवा कुठं आहे, सांडव्यासमोर काही बांधलेलं आहे का, आणि सांडव्यातून निघालेली वाट पुढं अरुंद कुठं होते. २०२३ नंतर अंबाझरीखालच्या पात्राची, तिथल्या पुलाची आणि बांधकामांची चर्चा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली, ती याच तिसऱ्या मुद्द्यावर. पात्राची रुंदी दर शंभर पावलांवर मोजून आलेख काढा. जिथं आलेख एकदम खाली पडतो, पाणी त्याच्या वरच्या बाजूला पसरतं.

अंडरपासचा हिशेब वेगळा करायची गरज नाही. नरेंद्रनगर असो वा लोहापूल, ती मुद्दाम खणलेली सखल जागा आहे. तिथं पाणी येणारच. फक्त पंप आहे का, पंपाची वीज पुरात टिकते का आणि रस्ता बंद करायला पहिल्या दहा मिनिटांत कोण येतं, एवढं विचारा.

उजवा रकाना : माणसं

आता पाणी बाजूला ठेवा आणि घराघरात जा. सगळ्यांनी 'गरीब-श्रीमंत' एवढाच निकष लावायची सवय असते. तो महत्त्वाचा आहेच, पण पुरेसा नाही. मी पुढच्या गोष्टी नोंदतो.

तळमजल्यावर कोण झोपतं? २०२३ चा पूर पहाटेचा होता. एकटे म्हातारे, अंथरुणाला खिळलेला माणूस, बाळंतीण, तळघरात राहणारे भाडेकरू विद्यार्थी. वरच्या मजल्यावर जायला आतून जिना आहे का? भाडेकरूला वरच्या मालकाच्या दाराची किल्ली नसते, ही बारीक गोष्ट रात्री तीन वाजता फार मोठी होते.

विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? फ्लॅटच्या इमारतींत पार्किंगच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला. लिफ्टचा खड्डा, जनरेटर, महावितरणचा डबा, रोहित्र यांची जमिनीपासून उंची मोजा. आणि जमिनीतली पाण्याची टाकी! तिचं झाकण पाण्याखाली गेलं की पूर ओसरल्यावर दोन आठवडे पोटाचे आजार. ही नोंद जवळपास कोणीच करत नाही.

रोजी कशावर आहे? हातगाडी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, तळमजल्यावरचं किराणा दुकान. पाऊण तास पाणी राहिलं तरी मोटर जळते. विमा आहे का, आणि तो पुराला लागू आहे का? वस्तीत जागेचा कागद आहे का? कागद नसेल तर पंचनाम्यात नाव यायलाच झगडावं लागतं. शेवटी, मागच्या पुरानंतर सावरायला किती दिवस लागले. पाणी दोघांकडं सारखंच आलेलं असतं; एकाचं घर चार दिवसांत मार्गी लागतं, दुसऱ्याचं वर्षभर नाही.

नागपूरसाठी २०११ च्या जनगणनेचा आकडा २४ लाखांचा. तेव्हापासून शहर कुठल्या कुठं गेलं, त्यामुळे घरोघरची नोंद स्वतःच केलेली बरी. नावं आणि आजार यांची यादी मात्र कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. मंडळातल्या दोन विश्वासू माणसांकडं वहीतच राहू द्या.

गुण देणं

प्रत्येक घराला किंवा गल्लीच्या तुकड्याला दोन्ही रकान्यांत १ ते ५ गुण द्या. पाण्याच्या बाजूला जोता आणि अपेक्षित पाणी यांतला फरक, जुनी खूण, मोरीपासूनचं अंतर, पाणी किती वेळ राहतं. माणसांच्या बाजूला वरची यादी. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं यासाठी अभ्यासात जोडीजोडीनं तुलना करण्याची पद्धत वापरतात. तुमची उत्तरं एकमेकांशी भांडत नाहीत ना हे तिच्यात सुसंगतीच्या गुणोत्तरानं तपासतात आणि ते ०.१० च्या आत असावं लागतं. विद्यार्थ्यांनी ती जरूर करावी. मंडळानं फक्त इतकं करावं : वजनं थोडी बदलून दोनतीनदा बेरीज करा. वरची दहा नावं तीच राहिली तर उत्तर भक्कम. बदलत असतील तर तुमचं उत्तर जमिनीतून आलेलं नाही, वजनांतून आलं आहे.

दोन्ही बेरजांचा गुणाकार करून एक आकडा काढायचा मोह होईल. काढा, पण मूळ दोन आकडे शेजारी राहू द्या. पाणी ५ आणि माणसं १ असेल तिथं मोरी रुंद करायची आहे. पाणी २ आणि माणसं ५ असेल तिथं मोरी रुंद करून उपयोग नाही. तिथं मीटर वर चढवायचे आहेत आणि आजोबांची खोली बदलायची आहे. गुणाकारात ५ आणि १० असे नुसते आकडे उरतात, त्यांतून यातलं काहीच दिसत नाही.

नकाशा खरा आहे का?

जुन्या पुराच्या खुणांपैकी एक तृतीयांश बाजूला काढून ठेवा, नकाशा करताना वापरू नका. शेवटी त्या त्यावर टाका. समजा बाजूला ठेवलेल्या १५ जागांपैकी १२ तुमच्या वरच्या दोन वर्गांत, म्हणजे पाण्याचे ४ किंवा ५ गुण असलेल्या भागात, पडल्या, तर बरं जमलं. पण थांबा, वरच्या दोन वर्गांत अर्धं लेआऊटच येत असेल तर १२ ला किंमत नाही. सगळंच लाल रंगवलं तर कोणीही बरोबर ठरतो. म्हणून 'लाल आहे पण कधीच पाणी आलं नाही' अशा जागाही मोजा आणि तिथं जाऊन पाहा. बऱ्याचदा तिथं कोणीतरी स्वखर्चानं नाली खणलेली सापडते, किंवा पाणी येतं पण घरमालक विकायच्या विचारात असल्यानं सांगत नाही.

कोणाला, कधी द्यायचा

झोन कार्यालयात नुसता रंगीत नकाशा दिला तर तो फाइलमध्ये जातो. सोबत मोरीनिहाय एक पानाची यादी जोडा : जागा, फोटो, व्यास, गाळाची उंची, आता किती मिमीच्या पावसाला पुरते, साफ केल्यावर किती. अर्ज एप्रिलमध्ये द्या, म्हणजे सफाईच्या कामांत तो येऊ शकतो. जूनमध्ये दिलात तर पुढच्या वर्षीचा समजा. सफाई झाल्याचं कळलं की त्याच काठीनं गाळ पुन्हा मोजा आणि दोन फोटो शेजारीशेजारी लावा. शास्त्रीय मदत हवी असेल तर व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि उपग्रहचित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, तिन्ही याच शहरात आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं दर जुलैला असतात.

वस्तीत मात्र जूनच्या आतच विजेच्या खांबांवर ऑइलपेंटनं जुन्या पुराची रेघ आणि तारीख लिहा. कोणत्या पातळीला मुख्य स्विच बंद करायचा तेही तिथंच. पहिल्या मोठ्या सरीनंतर फिरून या, नकाशा दुरुस्त करा, कोपऱ्यात तारीख टाका आणि जुनी प्रत फाडू नका. काकूंच्या कपाटामागं मी ७१ च्या रेघेशेजारी पेन्सिलीनं तारीख लिहून आलोय. त्यांनी कपाट परत लावलं, पण पाय आता विटांवर आहेत.